सातवी फ्लॉपी

यवतमाळ रोडला, खताच्या दुकानावरची खोली.
दारव्ह्यात तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे
चपला बाहेर काढून आत जायची वस्तू.
खालून थायमेटचा वास, वरून पत्रा,
मधे तीन मशिनी आणि मी,
कुमुद भोयर, बी.कॉम., पगार अकराशे.

जिनिंगचा हंगाम होता. हवेत कापूस उडे,
माउसच्या पोटात जाऊन बसे.
रोज सकाळी मी तो रबराचा गोळा काढायचे, पुसायचे,
कोंबडीखाली अंडं सरकवावं तसा परत ठेवायचे.
गोळ्यावरून कळायचं
रात्री कोणतं मशीन जास्त फिरलं.

तीन नंबरचं.

"टॅली करून राहिलो होतो जी मॅडम," गजू राठोड.
कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, मिशी पूर्ण.
रियाज पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता.
फ्लॉप्यांवर खरंच टॅली लिहिलेलं, एक ते सात,
सीताबर्डीहून आणलेल्या, डब्यात पोळ्यांखाली.
"सातवी खराब आहे," तेवढं रियाज बोलला.

एका शनिवारी आतून कडी लावली
आणि टॅली उघडलं.

आधी जन्मसाल विचारलं त्यानं.
पोरांनी एकोणीसशे पन्नास दिलं असणार, सगळ्यांनी मिळून.
मी माझं खरं दिलं. चाललं.

जांभळा कोट घातलेला, टक्कल पडत आलेला एक माणूस
हॉटेलच्या जिन्याखाली उभा.
वर दोनशे तीनमध्ये एक बाई, अंगावर टॉवेल,
टॉवेलाचे चौकोन मोजता येतील इतके मोठे.
खाली पाच चित्रं: डोळा, हात, पाय, तोंड.
पाचवं मी सांगत नाही.

पोरांनी ठेवलेले डाव पाहिले.
सहाच्या सहा त्याच खोलीत अडकलेले,
सगळीकडे हात.
खांद्यावर हात, टॉवेलाला हात, दिव्याला हात,
दर वेळी थप्पड
आणि जांभळा कोट जिन्यावरून खाली.
महिनाभर हा माणूस खतदुकानाच्या डोक्यावर
रात्री-रात्री गडगडत होता.

मी तोंड उचललं, तिच्यावर नेऊन ठेवलं, दाबलं.

ती बोलायलाच लागली.
इंग्रजीत, भराभर. मी डिक्शनरी घेतली,
युरियाच्या पावतीमागं शब्द लिहीत गेले.
न्हाणीतला नळ गळतो म्हणे. अकरा रात्री झोप नाही.
येतो तो आत येतो, नळाचं कोणी पाहत नाही.
वॉशर पाहिजे.
डिक्शनरीत वॉशर म्हणजे धुणारा.
पण आमच्या विहिरीवरच्या पंपानं
मला तो शब्द आधीच शिकवला होता.

दीड तास गेला. डोळा घेऊन सगळं पाहिलं,
बारवाल्याचे खिसे, वाळलेली कुंडी, लिफ्टचं दार.
वॉशर निघाला कुत्र्याच्या पट्ट्यात.
(कुत्र्यालाही तोंडच लावावं लागलं.)

मग मशीन थांबलं. सातवी घाला म्हणालं.

सातवी खराब नव्हती.
तिच्यापर्यंत कोणी पोचलंच नव्हतं.
पत्र्याची पट्टी अजून चकचकीत, बोटाचा ठसा नाही.
कुरकुरली, घरघरली, आणि नळ बंद झाला.
एवढ्याशा स्पीकरमधून शांतता ऐकू येते
हे मला माहीत नव्हतं.

दोघं गॅलरीत आली. बाईनं झगा घातलेला.
काढल्या त्या फक्त सँडली, दाराबाहेर,
एकावर एक.
समोर समुद्र, निळ्याचे दोनच रंग.
मी समुद्र तोवर पाहिलेला नव्हता,
त्यामुळं मला तो पुरला.

आणि लाइट गेली.

यूपीएस चिरकायला लागला. त्यात सात मिनिटांचा जीव.
त्यातली पाच मी नुसती पाहण्यात घालवली.
मग डाव ठेवला, सातव्या जागी.
नाव विचारलं त्यानं.
घाईत खरंच दिलं.

सोमवारी गजू बराच वेळ तीन नंबरवर,
माउस न हलवता.
मग उठून माझ्या टेबलापाशी आला,
हात पाठीमागं बांधलेले.
मी हजेरीत डोकं घातलं.

"मॅडम," तो हळूच म्हणाला,
"नळ झाल्यावर थे बाई अजून काई बोलते का जी?"

मला काय माहीत.
तिथंच तर लाइट गेली होती.